ताकाऐवजी काय घालावं

बदलापूर पूर्व,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. आईंना मीनलचा नमस्कार.

तुमचं बीपी आता ताब्यात आहे असं गुरुदत्तने सांगितलं. आम्ही इकडे मजेत. वरद पहिलीत गेलाय, पुढचा दात पडलाय.

केकमध्ये ताकाऐवजी काय घालते ते मीनलला नीट लिहून द्यायला सांग, नातवाच्या वाढदिवसाला मीच केक करून आणीन, असा निरोप तुम्ही गुरुदत्तकडे दिलात. तो म्हणाला, फोनवर पाठव. पण फोनवरचं सगळं तुम्ही त्याच्याकडून वाचून घेता, म्हणून कागदावर लिहितेय. हे तुमचं तुम्हीच वाचा.

एक कप बिनसाखरेचं सोया मिल्क घ्या. त्यात एक मोठा चमचा लिंबाचा रस नाहीतर व्हिनेगर घालून ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. फाटल्यासारखं दिसलं की झालं; सोडा त्या आंबटपणानेच फुलतो. बदामाचं दूधही चालतं, पण ते पातळ, नीट फाटत नाही. नारळाच्या दुधाचा वास मागे उरतो, तो तुम्हाला आवडेल. दूध चालणाऱ्या माणसांसाठी करायचा तर साध्या दुधात लिंबू पिळा किंवा दह्यात पाणी घालून घुसळा. एवढंच. मागच्या वर्षीही एवढंच होतं.

मागचा वाढदिवस तुमच्याकडे अंबरनाथला झाला. सोया मिल्कचं पाकीट मी आदल्या दिवशीच आणून दिलं होतं. डॉक्टर उगाच घाबरवतात, आमच्या घरात ताकाने कधी कुणाला काही झालं नाही, असं तुम्ही शंभर वेळा म्हणाला होतात. आणि मी फार बाऊ करते, असं गुरुदत्त शंभर वेळा म्हणाला होता. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. वरदचे ओठ सुजले, श्वास अडकला, दोन दिवस हॉस्पिटल. तेव्हापासून तुम्हाला आमच्या घरी यायला बंदी आहे. ती गुरुदत्तने घातली. मी एका शब्दाने काही बोलले नाही.

बोलायची गरजच नव्हती, आई.

केक कापायच्या आधी मी पाणी घ्यायला स्वयंपाकघरात आले होते. सिंकमध्ये रवी पडली होती, तिला लोणी चिकटलेलं. फ्रिज उघडला तर सोया मिल्कचं पाकीट तसंच, न फोडलेलं. मला सगळं कळलं. मी फ्रिज बंद केला, बाहेर आले आणि वरदच्या हातात सुरी दिली.

ॲलर्जीचं इंजेक्शन माझ्या पर्समध्ये होतं. म्हटलं, एकच घास. एकदा गुरुदत्तला स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे.

वरद घुसमटायला लागला तेव्हा तुम्ही अनवाणी रिक्षा आणायला धावलात. गुरुदत्त पाहुण्यांना सोडायला खाली गेला होता. तो वर येईपर्यंत मी इंजेक्शन हातात धरून उभी राहिले. त्याने नीट पाहिलं. मग मी दिलं.

मला त्याची लाज वाटते. पण हे माफीसाठी लिहिलेलं नाही. वर्षभर मी हे एकटीने सोसलं. ताक तुम्ही घातलंत, तेव्हा अर्धं तुम्हीही सोसा.

हा कागद गुरुदत्तला दाखवावा असं तुमच्या मनात येईल. खुशाल दाखवा. तो मला सोडेल, आणि वरद आठवड्याचे काही दिवस इकडे, काही दिवस तिकडे असा वाढेल. म्हणून तुम्ही दाखवणार नाही. वरदवर तुमचा तेवढा जीव आहे. त्या दिवशी माझा नव्हता.

केक करून बघा, छान होतो. वाढदिवसाला मात्र येऊ नका. आजी का येत नाही, असं वरद अधूनमधून विचारतो. मी सांगते, तिला यायचं नसतं.

वरदची आई,
मीनल