पौष्टिक कशाला म्हणायचं, गुरुजी

गुरुजी, आज खंडाळ्याच्या हॉटेलात मालकांनी मला नाश्त्याच्या फळ्यावर लिहायला सांगितलं, ‘पौष्टिक नाचणी भाकरी’. मी तिथं स्वयंपाकघर सांभाळते. खडू हातात धरला आणि माझं डोकं तुमच्यावरच तडकलं. तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, तरी हा राग काही जात नाही. चौथीत तुम्हीच शिकवलं होतं, संस्कृतात ‘पुष्’ म्हणजे पोसणं, त्यावरून पुष्टी, आणि पुष्टी देतं ते पौष्टिक. पोसणं, पोषण, पोशिंदा, सगळी एकाच घरची लेकरं, असं म्हणाला होतात. मला ते इतकं आवडलं की घरी जाऊन आईला सांगितलं. आणि त्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत तुम्ही माझा डबा उघडलात. आत नाचणीची भाकरी आणि रानातल्या कुर्डूची पालेभाजी. तुम्ही म्हणता, “रोज हेच? जरा पौष्टिक आणत जा. दूध, अंडी, सफरचंद.” सगळा वर्ग हसतो. शब्दाचं मूळ ज्या माणसाला ठाऊक, त्यानं असं बोलावं? त्याच भाकरीवर आमची माणसं जन्मभर डोंगर चढली-उतरली, ते पोसणं नव्हतं तर काय होतं? सफरचंद आमच्या वाडीत कुणी अंथरूण धरलं तरच यायचं. वर्गातल्या आहाराच्या तक्त्यावर छापलेलं तेवढं पौष्टिक आणि आईनं थापलेली भाकरी नुसती पोट भरायला, हे कुठलं शिकवणं? मला तेव्हा डबा झाकून पळून जावंसं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी आई तासभर डोंगर उतरून शाळेत आली, पदर खोचून वर्गाच्या दारात उभी राहिली. “मास्तर, पोरीची भाकर तुमी फेकून दिली म्हनं. न्हाई आवडली तर ऱ्हाऊ द्यायची. अन्न फेकायला शिकवता व्हय हितं?” तुम्ही एकदा माझ्याकडं बघितलंत आणि खाली मान घालून म्हणालात, “चुकलं माझं, ताई.” त्या वर्षापासून आईनं उतारावर नाचणी पेरणं सोडलं. लेकीला शाळेत खाली बघावं लागतं, म्हणायची. तुमच्या मातीला सगळी वाडी गेली, ती गेली नाही. आता माझ्याकडंच असते, आणि नाचणीचं नाव निघालं की अजून तुमचा उद्धार करते.

हे पत्र कुठं टाकणार, म्हणून लिहून टाकते. भाकरी तुम्ही फेकली नव्हती. शाळेमागच्या करवंदीच्या जाळीत मीच फेकली, आणि घरी तुमचं नाव सांगितलं. आज जेवताना मी त्या फळ्याचं बोलले, तशी आई म्हणाली, “त्या मास्तरानंच फेकली व्हती ना गं माजी भाकर?” मी म्हणाले, “व्हय.”