उलटा शिक्का

१४ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून सकाळच्या सभेत पोस्टकार्डं मी वाचायची! हिबिनोसाहेबांचा हुकूम. म्हणे, "हिराइवा-सान, तुमचा आवाज खणखणीत आहे. आणि नाहीतरी खेळातले आवाज तुम्हीच करता." सगळे ओळीत उभे, पायात कचेरीतल्या सपाता, आणि मी पुढे गठ्ठा घेऊन.

आमचा 'चोरपाऊल' – हातात धरायच्या यंत्रावरचा खेळ, पहारेकऱ्यांना चुकवत चोराने महाल पार करायचे – दुकानात येऊन अकरा दिवस झाले. प्रत्येक डब्यात आमचं एक कार्ड असतं. वय काय, काय आवडलं, काय आवडलं नाही, आणखी काही सांगायचंय? खेळाचा दुसरा भाग काढायचा की नाही, ते साहेब या कार्डांवरून ठरवणार.

आजची सगळी गोड होती. "पहारेकरी जांभई देतो तेव्हा मलाही येते" – ४४ वर्षं, टॅक्सीवाला. "हा चोर आडवा सरकत अख्खा महाल पार करतो, पण आवाज माझ्या नवऱ्यापेक्षा कमी करतो" – ३८ वर्षं, गृहिणी. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली.

तामाकी-सान मागच्या ओळीत मान खाली घालून ऐकत होते. वय सत्तावन्न. महालांची आखणी त्यांची – कुठे भिंत, कुठे पहारेकरी, कुठे लपायची जागा. सभा संपली की ते गठ्ठा मागून नेतात आणि दोन-चार कार्डांना स्वतः उत्तरं लिहितात. साधं बॉलपेन, पण अक्षर असं की जणू चौकटीच्या कागदावर एकेक अक्षर घरात बसवलंय. त्यांना हे करायला कुणी सांगितलेलं नाही.

१६ नोव्हेंबर, बुधवार

"चौथ्या महालात कुणी बघत नसताना पकडतात. भुताटकी आहे का?" – १९ वर्षं. सभेत हशा. दुसरं कार्ड तसंच. तिसरंही.

मला नाही हसू आलं. चौथ्या महालातली जमीन माझी आहे! तिथल्या काही फळ्या पाय पडला की पाखरासारख्या चिवचिवतात आणि पलीकडचा पहारेकरी जागा होतो. अर्धाच पाय टेकवला तर आधी बारीक आवाज येतो, तो ऐकून पाय मागे घ्यायचा. एका जुन्या देवळात पोटावर झोपून ते आवाज टिपले आहेत मी, गुडघे सोलवटले होते. इतकं आयुष्यात दुसरं काही चांगलं केलेलं नाही.

नाचता येईना, अंगण वाकडं! कान नीट लावून खेळा की.

२० नोव्हेंबर, रविवार

ताईबरोबर ओसाकाला गेले होते. गाडीत बसल्याबसल्या तिने खेळ काढला. धाकट्या बहिणीचा खेळ म्हणून कौतुकाने विकत घेतलाय. तीन महाल झरझर गेले. चौथ्यात शिरली, चार पावलं, धरली.

"हे काय गं मित्सु? कोणी बघितलं मला?"

"आवाज चालू कर ना."

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला डब्यात बूट काढून नाचायला सांगितलंय. "गाडीत? लाज बीज आहे की नाही? शेजारी माणसं बसलीत."

मी डबाभर नजर फिरवली. शाळेची मुलं, कामावरची माणसं – पाच-सहाजण तरी खेळत होते. एकाच्याही खेळातून आवाज नाही. कसा असेल? आपल्याकडे गाडीत कोणी फोनवरसुद्धा बोलत नाही! हातातला खेळ माणूस गाडीत खेळतो, आणि आवाज बंद करूनच खेळतो. मी वर्षभर कचेरीत कानाला मोठे हेडफोन लावून ही जमीन बनवली. रोज याच गाडीने गेले-आले, आणि एकदाही डोक्यात आलं नाही.

नाही, डोक्यात आलं नाही हे खोटं. मला सांगितलं होतं.

जूनमध्ये तामाकी-सान म्हणाले होते, "चिवचिवणाऱ्या फळीवर एक फिकट रेघ देऊ या. गाडीत ऐकू येणार नाही." मी उसळले. "खूणच द्यायची तर आवाज कशाला केला मी? सगळं डोळ्यांनी खेळतात, एकदा कानांनी खेळू देत!" साहेबांपुढे तावातावाने बोलले. साहेबांना पटलं. रेघ गेली.

मग मंजुरीच्या कागदावर सहीऐवजी सगळ्यांचे नावाचे शिक्के. माझा. खाली तामाकी-सानचा, आणि तो उलटा, अक्षरं डोक्यावर उभी. साहेबांनी न बघताच आपला ठोकला. उलटा शिक्का म्हणजे काय ते आमच्या कचेरीत नव्या माणसालाही कळतं – मला मान्य नाही, पण वरचे म्हणतात म्हणून मान तुकवतो. मी वर हसत म्हटलं, "तामाकी-सान, शिक्का उलटा पडला की!" ते म्हणाले, "डोळे म्हातारे झालेत." आणि चहा आणायला गेले.

सगळं माहीत असून म्हटलं मी ते. तो कागद माझ्याच खणात आहे.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

सोमवारची सभा साहेब बाहेरगावी म्हणून झाली नाही. आज दोन दिवसांची मिळून ऐंशीच्या वर कार्डं. सभेआधी एकटीच चाळत बसले. 'चौथा महाल' हे शब्द दिसले की कार्ड बाजूला, पुढचं वाचायचंही नाही. एकतीस निघाली. रबर लावलं आणि खणात टाकली. बाकीची खणखणीत आवाजात वाचली.

वाचली मी. हसवलं सगळ्यांना. साहेबांनी टाळ्या वाजवल्या!

२४ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी तामाकी-सान डबा घेऊन समोर येऊन बसले. कधी बसत नाहीत. अंड्याच्या वळकटीचा एक तुकडा माझ्या झाकणात ठेवला.

"खा. बायकोने गोड केलीय, मला चालत नाही." मग जरा वेळाने, "कार्डं बरी येतायत."

"हो."

"चौथ्या महालाबद्दल त्या तिनांनंतर एकही नाही?"

"नाही."

"एकही नाही. नवल आहे."

मी लोणच्याचा सलगम चावत बसले. खूप आवाज होतो त्याचा. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं, जणू माझ्या तोंडून अजून काही यायचंय. मग डबा फडक्यात बांधून उठले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते आज कळलं. त्यांच्या साध्या 'नवल आहे'ने दिवसभर पाठ सोडली नाही.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

झालं. खेळांच्या मासिकात वाचकांच्या मतांचं पान आलं. आम्हाला अर्धं पान! "तीन महाल सोनं. चौथा न खेळलेलाच बरा." "डोळे फाडफाडून बघितलं, पकडायचं कारण सापडलं नाही." "बनवणाऱ्यांनी हा एकदा तरी घराबाहेर खेळला होता का?"

साहेब सभेत मासिक हातात घेऊन उभे. चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा लाल. "आपल्याला त्या तीन कार्डांनंतर एक नाही आणि मासिकात अर्धं पान! चौथा महाल कुणाचा?"

मी हातातला गठ्ठा सारखा करत राहिले. मागून आवाज आला, "माझा."

"तुम्ही इतकी वर्षं काम करताय, तामाकी-सान! गाडीत आवाज बंद असतो हे तुम्हाला कळू नये? याचा कागद कुठाय? कोणी मंजूर केला?"

जूनमध्ये आपणच हो म्हटलं होतं, हे साहेब विसरलेच. कागद माझ्याकडे असतात हे सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "शोधावा लागेल."

शोधावा लागेल! एकतीस कार्डांच्या खाली, हात घातला तर मिळेल.

"कागदाची गरज नाही," तामाकी-सान म्हणाले. "महाल माझा. शिक्का माझा. सर्वांची माफी मागतो." आणि कमरेतून वाकले. टकलावरचे चार केस पुढे आले. किती वेळ वाकून राहिले! मी माझ्या सपातांकडे बघत होते. डाव्या सपातेचा टाका उसवलाय. जमिनीने पोटात घ्यावं म्हणतात, तर तीही घेईना.

२६ नोव्हेंबर, शनिवार

काही लिहिण्यासारखं नाही. ताईचा फोन आला, उचलला नाही.

२८ नोव्हेंबर, सोमवार

ठरलं. तामाकी-सानना दूर माइझुरू गावातल्या गोदामात पाठवतायत. परत आलेल्या मालाची मोजदाद. पुढच्या सोमवारी सभेत निरोप, दुपारी जायचं. दुसरा भाग निघाला तर महाल दुसरं कोणीतरी आखणार. ते आता पुन्हा कधी महाल आखणार नाहीत.

साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमचं काम फुकट गेलं, हिराइवा-सान. आवाज सुंदर होते."

मी मान लववून 'आभारी आहे' म्हटलं. म्हटलं मी!

३० नोव्हेंबर, बुधवार

एक कार्ड. बाई, ६३ वर्षं, राहणार ओत्सु. पूर्वी पायमोजे शिवायची.

"मला जन्मापासून ऐकू येत नाही. म्हणून हा खेळ फार आवडला. आयुष्यभर मी माणसांची पाठ, मान, खांदे बघूनच ओळखते की ती आता वळणार. पहिले तीन महाल एकदाही न सापडता पार केले. चौथ्यात रोज सापडते. दुकानदाराने कागदावर लिहून दिलं की तिथली जमीन काहीतरी म्हणते. ती काय म्हणते, ते कृपा करून मला लिहून कळवाल का?"

कचेरीच्या संडासात जाऊन रडले. आवाज न करता. त्यात तरी पटाईत आहे.

एक रेघ. फळीवर एक फिकट रेघ असती तर ही बाई आज पाचव्या महालात असती. 'कानांनी खेळू देत' म्हणे! मोठी आली शहाणी. माझा आवाज सगळ्यांनी ऐकावा, एवढाच माझा हट्ट होता.

या कार्डाला उत्तर देणारा माणूस एकच आहे आमच्यात. त्यांच्या टेबलापर्यंत गेले. ते खोकं भरत होते – पेन्सिली, महालांच्या जुन्या वह्या, कुंडीतलं शेवाळ. मान वर करून म्हणाले, "काय, हिराइवा-सान? काही सांगायचंय?"

"नाही. म्हणजे, दोरी हवी का खोक्याला?"

"आहे."

परत आले.

२ डिसेंबर, शुक्रवार

ताई घरीच येऊन थडकली. सगळं सांगितलं. मला वाटलं जवळ घेईल. तिने चहाचा पेला खाली ठेवला.

"खेळात तू चोर कसा बनवलायस? सापडला नाही की जिंकला. खऱ्यात पण तेच चाललंय तुझं."

"मग काय करू मी?"

"मला काय विचारतेस? खण कुणाचा आहे?"

तोंड भाजल्यासारखं झालं. पण रागावता येईना.

३ डिसेंबर, शनिवार

कचेरीत जाऊन कागद आणि कार्डं घरी आणली. सोमवारी निरोपाच्या सभेत गठ्ठा माझ्याच हातात असणार. आधी कार्डं वाचणार, मग उलटा शिक्का सगळ्यांना दाखवणार. साहेबांचा त्याखालचा सरळ शिक्काही दिसू दे. मला माइझुरूला पाठवतील, नाहीतर घरी. पाठवू देत. भीती वाटते – फार! पण त्यांची वाकलेली पाठ डोळ्यांपुढून जात नाही, त्यापेक्षा भीती बरी.

एकही कार्ड मी पुरतं वाचलेलं नाही. उद्या वाचून ठेवते, म्हणजे सभेत अडखळायला नको.

४ डिसेंबर, रविवार

एकतीसपैकी सव्विसावं. टपालाचा शिक्का १८ नोव्हेंबर. नाव नाही. बॉलपेन, एकेक अक्षर घरात बसवलेलं.

वय: ५७.

काय आवडलं: चौथ्या महालातल्या जमिनीचा आवाज. काल घरी हेडफोन लावून तासभर नुसता ऐकला.

काय आवडलं नाही: फळीवर खूण नाही.

आणखी काही सांगायचंय? "हे मी जूनमध्ये तोंडाने ठणकावून सांगायला हवं होतं, शिक्का उलटा मारून गप्प बसायला नको होतं. चूक दोघांची आहे. हे कार्ड सभेत वाचा. वाचून झालं की मागच्या ओळीतून मी पुढे येतो. दोघं मिळून वाकू."