अस्वलाशेजारची पट्टी

बुधवार, ५ फेब्रुवारी

पुन्हा अस्वल! शेजारीण फर्नांदच्या नातवाने यंदाही चौकातल्या बर्फाच्या ठोकळ्यातून अस्वलच काढायला घेतलंय. नुसतं नाक निघालंय अजून, तर लोक आत्तापासूनच उभे राहून बघतायत!

शेजारचा ठोकळा आमच्या मोदचा. नात माझी – शहरात कॉलेजात गणित शिकवते. हिमशिल्पांच्या स्पर्धेत पहिल्यांदाच उतरलीय. काय करतेयस म्हटलं, तर म्हणे, "आजी, एकच बाजू असलेली पट्टी."

मी म्हटलं, एकच बाजू तर फर्नांदच्या भांडणालाही असते. हसली खूप.

मग घरी येऊन तिने मला करूनच दाखवलं. रात्रीसाठी खिमा भरून टुर्तिएर भाजायची, तिचं पीठ मी लाटत होते. तिने त्याची लांब पट्टी कापली, एक पीळ दिला, टोकाला टोक चिकटवलं. म्हणाली, फिरव बोट. फिरवलं – तर बोट न उचलता पलीकडच्या अंगाला गेलं की! आणखी फिरवलं तर निघालं होतं तिथेच परत!! मी सहावीत शाळा सोडली. शाळेत असलं काही दाखवलं असतं तर कशाला सोडली असती? खेळता खेळता पीठ मळकट झालं आणि टुर्तिएर काही झाली नाही. रात्री वाटाण्याचं सूपच प्यायलो.

गुरुवार, ६

झाली पूर्ण. छातीएवढी उंच, गोल फिरत गेलेली, मध्येच पिळलेली. मोदने किसून किसून इतकी पातळ केली की ऊन आरपार दिसतं. मला तर रडूच आलं.

फर्नांद आली. पन्नास वर्षं शेजारीण आहे, पण जीभ बघा – "छान गं. पूर्ण कधी होणार?"

मोदला कॉलेजातल्या तासांसाठी शहरात परत जावं लागलं. निकाल रविवारी, तेव्हा येईल. जाताना म्हणाली, "आजी, तू राखण कर. कुणाला हात लावू देऊ नकोस हं. पिळापाशी फार नाजूक आहे. निकालापर्यंत टिकायला हवी, बस."

शुक्रवार, ७

खुर्ची टाकून बसले दिवसभर. अस्वलासमोर रांग. पोरं काय, फोटो काय! फर्नांद अशी उभी की अस्वल तिनेच प्रसवलंय. आणि आमच्याकडे? एक बाई म्हणाली, "हे कुंपण आहे का?" एका बाप्याने तर पट्टीवर कॉफीचा कप ठेवला. कप!!

जीव जळला नुसता. रात्री अस्वल वितळल्याचं स्वप्न पडावं, एवढंच मागून झोपतेय.

दुपारी एक छोटी आली होती. लाल टोपी. तिला म्हटलं, ये, जादू दाखवते. पट्टीभोवती बांधलेली दोरी वर उचलली. एवढासा लोकरी हातमोजा, त्याने काय होतंय? पट्टीवर हात ठेवून ती फिरली, फिरली, आणि एकदम किंचाळली – "मी बाहेर होते, आत कशी आले!" तिच्या आईलाही फिरायचं होतं मग.

शनिवार, ८

स्वप्न काही पडलं नाही. पण आज आमच्याकडे रांग! मीच हाका मारत होते – या, या, हात न उचलता पलीकडे जा! म्हातारे, पोरं, पाद्रीबुवासुद्धा. बुवा दोनदा फिरले आणि मला म्हणाले, "रोलांद, हे पाप तर नाही ना?" अस्वलासमोर एक कुत्रं, आणि तेही पाय वर करून! घरी येऊन एकटीच हसत बसले.

फर्नांद लांबून बघत होती. बघ म्हटलं, बघ.

ऊन फार होतं आज. पिळाजवळ पट्टी काचेसारखी चकाकत होती. रात्रीच्या थंडीत धरेल घट्ट.

रविवार, ९

मोद सकाळीच पोचली. परीक्षक यायचे होते. तेवढ्यात फर्नांद आली, कुणाला काही न विचारता पट्टीवर हात ठेवून फिरायला लागली. पिळापाशी पट्टी कडकन मोडली. तिच्याच हाताखाली. खाली नुसता ढीग.

सगळ्यांनी तिला घेरलं. जळकी म्हातारी! मुद्दाम केलं! मोद तिच्याकडे बघत राहिली नुसती. फर्नांद हात छातीशी धरून उभी. म्हणाली, "मला पण आत जायचं होतं गं."

मी मोदला म्हटलं, "जळकी ती नव्हे. मी. दोरी मीच उचलली होती."