प्रतीक्षेत: शून्य

४ डिसेंबर

मानसिंगरावांच्या बंगल्यावरचं काम घेतलं. माजी मंत्री. निवडणूक हरल्यापासून बंद असलेली जनसुनवाई नव्या वर्षात पुन्हा सुरू करणार आहेत. पूर्वी व्हरांड्यात लोक एकमेकांच्या अंगावर पडत, म्हणून आता बँकेसारखी टोकन सिस्टिम हवी. दाराशी मशीन, आत डिस्प्ले, नंबर पुकारणारा आवाज. सॉफ्टवेअर पूर्ण माझं.

काम गुणवत्तेवर मिळालं आहे. फोन बाबांच्या नंबरवर आला, कारण तो नंबर त्यांच्याकडे आधीपासून होता. बाबांनी मानसिंगरावांचा पत्रव्यवहार बरीच वर्षं सांभाळला. मागच्या निवडणुकीआधी सोडला. या दोन गोष्टी जोडण्याचं कारण नाही.

बंगल्याचा कारभार बघणाऱ्या दौलतसिंहजींना स्पष्ट सांगितलं की माझी ओळख फक्त 'इंजिनियर' अशी द्यायची, वडिलांचं नाव कुठेही नको. ते म्हणाले, जैसी आपकी इच्छा, पर हमारे यहाँ बिना नाम के तो चाय भी नहीं मिलती.

संकल्प: बाबांचं नाव घ्यायचं नाही. तिथला चहाही घ्यायचा नाही.

५ डिसेंबर

चहा घेतला. थंडी होती.

८ डिसेंबर

मोबदला घ्यायचा नाही असं ठरवलं. हा पायलट प्रोजेक्ट आहे. कॉलेजच्या लॅबमधलं माझं कॉन्ट्रॅक्ट जानेवारीअखेर संपतं, आणि त्याच सुमारास टेक्निकल ऑफिसरची कायम जागा भरणार आहेत. कॉलेज ट्रस्टचं आहे आणि ट्रस्टचे अध्यक्ष मानसिंगराव आहेत, हे मी नाकारत नाही. गेटवरच्या बोर्डवर तसं लिहिलंच आहे. पण मी हे काम करते आहे ते प्रोफाइलसाठी. निवड समिती प्रोफाइल बघते.

लॅबमधल्या गरिमाला हे सांगितलं. ती सोल्डरिंग करत होती. मान वर न करता म्हणाली, "सब यही करते हैं, शरयू. बस तू इंग्लिश में कर रही है।"

गरिमाला सिस्टिम डिझाइनमध्ये रस नाही.

११ डिसेंबर

जेवताना बाबांना फ्लोचार्ट दाखवला. दिवसाला तीनशे माणसं धरली आहेत. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, कोणी येणार नाही. आधार विचारला. ते पोळी मोडत राहिले. आईने विषय तिळाच्या गजकवर नेला.

अंदाज आणि डेटा यांत फरक असतो. बाबांकडे डेटा नाही.

१२ डिसेंबर

बाबांकडे काय आहे ते पूर्णतेसाठी नोंदवते. हजीरा वस्तीत दवाखाना होणार होता. मानसिंगरावांनी जागा मिळवली, लोकांचे अर्ज बाबांनी घरोघर जाऊन गोळा केले. आता तिथे मॅरेज गार्डन आहे, मानसिंगरावांच्या पुतण्याचं. लायटिंग चांगली असते. लोक याबद्दल मानसिंगरावांना काही विचारत नाहीत, कारण ते भेटत नाहीत. बाबा भेटतात. म्हणून बाबा सराफ्यातून न जाता मागच्या गल्लीने भाजीला जातात. तिकडे ऊन लागत नाही म्हणतात. डिसेंबरात ऊन नको असलेला ग्वाल्हेरमधला हा एकच माणूस असावा.

हा जुना विषय आहे. सिस्टिम नवी आहे.

१७ डिसेंबर

दौलतसिंहजींची मागणी: टोकन देण्याआधी मशीनने तीन गोष्टी विचाराव्यात. नाव, काम, आणि कोणाकडून आलात. तिसऱ्याला विरोध केला. सुनवाई सर्वांसाठी असेल तर हा प्रश्न गैरलागू आहे. ते म्हणाले, मैडम, यही तो असली सवाल है, बाकी दो तो टाइमपास हैं.

तत्त्वाचा मुद्दा आहे. उद्या ठाम राहायचं.

१८ डिसेंबर

तिसरा प्रश्न घातला. घालायचाच तर नीट, म्हणून सक्तीचा केला. उत्तर दिल्याशिवाय टोकन निघत नाही. रिकामं सोडलं तर मशीन लाल अक्षरांत, पण नम्रपणे, पुन्हा विचारतं. अर्धवट डेटापेक्षा पूर्ण डेटा केव्हाही बरा.

नंबर पुकारायला माझाच आवाज रेकॉर्ड केला. गरिमाने ऐकला. म्हणाली, किसी की मौत की खबर दे रही है क्या. मला तो स्पष्ट वाटला.

१ जानेवारी

उद्घाटन. मानसिंगरावांनी बटण दाबलं, फोटो झाला. ते माझ्याशी हिंदीत बोलले. दौलतसिंहजींनी शब्द पाळलेला दिसतो, मी मराठी आहे हेही त्यांना माहीत नाही. मशीनकडे बघून म्हणाले, बहुत बढ़िया बिटिया, अब भीड़ कंट्रोल में रहेगी.

प्रतिसाद उत्तम. हजीऱ्याहून दोन टेंपो भरून लोक आले. मशीन एकदाही अडकलं नाही. डेटाही अतिशय सुसंगत. 'कोणाकडून' या रकान्यात प्रत्येकाने 'दौलतसिंहजी' सांगितलं. 'काम' या रकान्यात बहुतेकांनी 'नाश्ता'. बेडई आणि जलेबी होती.

एक म्हातारी मशीनपाशी उभी राहिली. तिने पिशवीतून एक चिठ्ठी काढली. प्लास्टिकमध्ये बंद करून घेतलेली, पिवळी पडलेली. दवाखान्यात आया म्हणून सुनेला लावून घ्यावं असा मजकूर, खाली 'कृपया देख लें' आणि मानसिंगरावांची सही. अक्षर बाबांचं होतं. तिने विचारलं, "बेटी, इसमें पुराना टोकन चलेगा?"

सिस्टिम फक्त नवीन टोकन वाचते असं सांगितलं. ती अच्छा म्हणाली, चिठ्ठी पिशवीत ठेवली आणि नाश्त्याच्या रांगेत गेली.

बाबांना हे सांगण्याची गरज नाही. जुन्या टोकनांचं काय करायचं ते पुढच्या व्हर्जनमध्ये बघेन.

३ जानेवारी

प्रतीक्षेत: शून्य. दाट धुकं. समोरचा विजेचा खांब दिसत नव्हता, लोकांना बंगला कसा दिसणार.

६ जानेवारी

शून्य. खरमास चालू आहे. इकडची माणसं संक्रांतीपर्यंत नवीन काही सुरू करत नाहीत. सुनवाई खरमासात सुरू करायला नको होती, पण त्याबाबत माझा सल्ला घेतला नव्हता.

८ जानेवारी

शून्य. सगळं गाव व्यापार मेळ्यात.

९ जानेवारी

हा आकडा सलग येतो आहे, म्हणजे दोष मशीनमध्ये असणार. शून्य हे नेहमी उपकरणाच्या बिघाडाचं पहिलं लक्षण असतं. दारावर माणसं मोजणारा सेन्सर बसवला. टोकन न घेता आत जाणारे त्यात सापडतील.

१० जानेवारी

सेन्सरप्रमाणे बावीस. समाधान वाटलं. मग कॅमेऱ्याचं फुटेज बघितलं. दौलतसिंहजी तंबाखू थुंकायला बाहेर जातात आणि परत येतात. उरलेल्या दोन वेळा मोर.

सेन्सर निर्दोष आहे.

११ जानेवारी

दुपारी एक माणूस खरोखर आला. त्याला बंगल्याच्या मागच्या शाळेचा रस्ता हवा होता. टोकन घेऊन विचारा असं दौलतसिंहजींनी सांगितलं. 'कोणाकडून'पाशी तो थांबला, मशीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, रहने दो, इनके यहाँ से रास्ता पूछेंगे तो प्लॉट अपने नाम करा लेंगे. आणि गेला.

त्याने प्रक्रिया पूर्ण केली नाही, म्हणून नोंद धरता येत नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. पूर्वी आमच्या लष्कर भागातली सगळी मराठी घरं आज तिळगूळ घेऊन बंगल्यावर जात. मी लहानपणी गेले आहे, बाबांचं बोट धरून. चपलांचा ढीग एवढा असे की परत निघताना भलत्याच पायात घालून यावं लागे.

आज व्हरांड्यात मी नीट मांडलेल्या खुर्च्या आणि एक पितळी ताट. मानसिंगराव शेरवानी घालून बसले होते. दुपारी त्यांनी ताट आत नेऊन ठेवायला सांगितलं. मला वडी दिली, हिंदीत शुभेच्छा दिल्या. 'गोड बोला' म्हणाले नाहीत, अर्थात. त्यांच्या मते मला ते कळलं नसतं.

खरमास संपला. उद्यापासून गर्दी.

१५ जानेवारी

शून्य. कर असते. किंक्रांतीला कोणी बाहेर पडत नाही.

१८ जानेवारी

घरी आईचं हळदीकुंकू. दरवर्षी पायरीपर्यंत बायका असतात. आज चौघी आल्या, त्यातल्या दोघी मावश्या. नई सडकवरच्या एक काकू दारातूनच वाण घेऊन निघाल्या. जाताना आईला म्हणाल्या, सदाशिवरावांनी एवढं सोसून ते दार सोडलं आणि आता मुलगी त्याच दाराशी मशीन लावून बसली, खरं का हो?

आई म्हणाली, तिचं ते कामच आहे. मग उरलेल्या स्टीलच्या डब्या मोजत बसली. पुढच्या वर्षी उपयोगी पडतील म्हणाली.

थंडी फार होती. बायका थंडीत येत नाहीत.

२२ जानेवारी

गरिमाने डबा खाताना सांगितलं की मानसिंगराव दिवाळीपासूनच ट्रस्टचे अध्यक्ष नाहीत. उरलेल्या ट्रस्टींनी मिळून हटवलं. लोक नावाला घाबरून ॲडमिशन घेईनात, असं कारण दिलं म्हणे. मी गेटवरच्या बोर्डकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, अरे, पेंटर उतारने के भी पैसे माँग रहा है, इसलिए टंगा है.

अडीच महिने मी तो बोर्ड रोज वाचते आहे. माहितीचा स्रोत अधिकृत होता, अद्ययावत नव्हता. चूक माझी म्हणता येणार नाही.

उलट बरंच झालं. आता निवड निव्वळ गुणवत्तेवर होईल.

२४ जानेवारी

इंटरव्ह्यू. तांत्रिक प्रश्नांची पूर्ण तयारी होती. एकच प्रश्न आला. नवे अध्यक्ष म्हणाले, आप ही ने रावसाहब के बंगले पर मशीन लगाई है ना? मी हो म्हटलं आणि सिस्टिम समजावून सांगू लागले. त्यांनी शेजारच्यांकडे बघितलं, शेजारच्यांनी घड्याळाकडे. ठीक है, म्हणाले.

समितीने प्रोफाइल वाचलं होतं, याचं समाधान आहे.

२९ जानेवारी

निकाल लागला. विक्रमसिंह नावाचे गृहस्थ. डिप्लोमा, सिव्हिल. गरिमा म्हणाली, नए अध्यक्ष के समधी का लड़का, म्हणजे व्याह्यांचा मुलगा.

निकाल काचेच्या पेटीत, मोठ्या टायपात लावला होता. पारदर्शकतेबद्दल तक्रार करता येणार नाही. लॅबमध्ये भिंती भरपूर आहेत, सिव्हिलच्या माणसाला काम पडेल.

संकल्प: पुढच्या महिन्यात पुण्याला अर्ज करायचे. आजच करायचे होते. लाइट गेले.

३१ जानेवारी

लॅबची किल्ली गरिमाकडे दिली. ती नेहमी काहीतरी टोचून बोलते. आज माझा सोल्डरिंगचा स्टँड पिशवीत भरून दिला, हा कॉलेजचा नाही तुझाच आहे म्हणाली. तो कॉलेजचाच आहे.

तिथून बंगल्यावर गेले. उद्देश तांत्रिक होता. लोड टेस्ट झाली, सेन्सर टेस्ट झाली. खऱ्या अर्जदाराने सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाऊन बघितलं असं अजून घडलं नव्हतं. त्याशिवाय प्रोजेक्ट पूर्ण म्हणता येत नाही.

उद्घाटनापासूनचा सगळा डेटा पुसला, म्हणजे आकडे स्वच्छ येतील.

नाव भरलं. काम या रकान्यात 'तपासणी' लिहिलं, मग खोडून 'नोकरी' लिहिलं, कारण खोट्या डेटावर टेस्ट करून उपयोग नसतो. 'कोणाकडून' रिकामं सोडलं. मशीनने लाल अक्षरांत विचारलं. परत रिकामं सोडलं. परत विचारलं. ही सोय मी केलेली आहे आणि ती उत्तम चालते.

सदाशिवराव, असं टाइप केलं.

टोकन एक. प्रतीक्षेत: एक. डिस्प्लेवर हा आकडा बरा दिसतो. सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या तरी मागच्या रांगेत बसले. थोड्या वेळाने माझ्याच आवाजाने माझा नंबर पुकारला. गरिमाचं म्हणणं चूक नव्हतं.

मानसिंगराव कानटोपी घालून हीटरजवळ बसले होते. डिसेंबरपासून मला बघताहेत. टोकन हातात घेऊन म्हणाले, हाँ बिटिया, किसकी तरफ़ से?

म्हटलं, मी सदाशिवरावांची मुलगी.

त्यांनी कानटोपी काढली. पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलले. "अगं, मग आधी नाही का सांगायचं!"

बसायला सांगितलं. चहा मागवला. बाबांची तब्येत विचारली. म्हणाले, काय अक्षर होतं त्याचं, तसं परत मिळालं नाही. तो येत का नाही हे विचारलं नाही. नोकरीचं सांगितलं तेव्हा मान हलवत राहिले, मग माझंच टोकन उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: 'संबंधित, कृपया देख लें.' खाली सही.

संबंधित म्हणजे कोण, असं विचारलं.

"ज्याला दाखवशील तो," म्हणाले, आणि दाराकडे बघून पुढचा नंबर पाठवायला सांगितलं.

टोकन थर्मल कागदाचं आहे. त्यावरची छपाई काही महिन्यांत उडून जाते. मागची शाई राहते. हे लक्षात घेऊन ते कुठे ठेवायचं ते ठरवायचं आहे. तूर्त इथे, या पानात.

घरी आले तेव्हा बाबा भाजीला निघाले होते. कुठे होतीस विचारलं. फायनल टेस्टिंग, म्हटलं. ते चपला घालत थांबले. तिथे माझं नाव तर नाही ना घेतलंस, असं विचारलं. नाही म्हटलं. बरं केलंस म्हणाले, आणि पिशवी घेऊन मागच्या गल्लीने गेले.

नाव सिस्टिममध्ये आहे. पण तो रिपोर्ट माझ्याशिवाय कोणी उघडत नाही.