जूनमधला तिळगूळ

आसगाव, २५ जून २०२५

चि. गुंजन हिस, आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा साखरपुडा तुझ्या होणाऱ्या सासूबाईंनी, गोदावरीबाईंनी थांबवला. गावभर खबरा पोचवणारी आपली जनाबाई सानगडीच्या बाजारातून हे ऐकून आली, म्हणून मी विश्वास ठेवला नाही. पण आज योगेंद्रनेच फोन करून सांगितलं की त्याची आई खरंच रुसून बसली आहे.

कारण तू सगळ्यांना पाठवलेला फोटो. मधे आग, भोवती काळ्या झुली पांघरलेल्या बाया, आणि तुझ्या हातात तिळगुळाचा डबा! इथे धानाच्या बांध्यांत पाणी भरतंय, रोवणी तोंडावर आली, आणि आमची पोरगी संक्रांत करते. जनाबाईच्या मते तू चेटूक शिकतेस. मी म्हटलं, हिला साधी कढी जमत नाही, चेटूक काय जमणार. गोदावरीबाईंनी मात्र एवढंच विचारलं म्हणे, की लाडू खाल्ले कोणी. मला अर्थ लागला नाही.

काय ते खरं लिही आणि चिठ्ठीचा फोटो पाठव. सानगडीला जाऊन गोदावरीबाईंना वाचून दाखवते. जीव टांगणीला आहे.

तुझी,
रुखमाआत्या

मेलबर्न, २९ जून

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

चेटूक नाही वो, आत्या. इथल्या काही बायांनी चर्चच्या आधीचा जुना धर्म नव्याने धरला आहे. त्या ऋतूंचे आठ सण पाळतात आणि दर पौर्णिमेला एकीच्या अंगणात जमतात. देव म्हणजे सूर्य, चंद्र आणि माती. झुली नाहीत, लोकरीचे झगे आहेत. जूनमध्ये इथे कडाक्याची थंडी असते. वर्षातली सर्वांत मोठी रात्र याच महिन्यात येते, मग सूर्य वळतो. सूर्य वळला म्हणजे तिळगूळ पाहिजेच, असं मला वाटलं. जानेवारीत इथे आपल्या मे महिन्यासारखं ऊन असतं.

लाडू सगळे संपले. मी त्यांना ‘गोड बोला’ म्हणायला शिकवलं, तर एक जण तेवढं बोलून चौथा लाडू घेऊन गेली. इथून चंद्र उलटा दिसतो, त्यातला ससा डोक्यावर उभा.

मला योगेंद्रच पाहिजे, आत्या. झगा सोड म्हटलं तर सोडते. पौर्णिमा सोडणार नाही. हेही वाचून दाखव.

माया कमी करू नकोस.

तुझी,
गुंजन

सानगडी, १३ जुलै

चि. सौ. कां. गुंजनले, गोदावरीबाईचा आशीर्वाद.

तुही चिठ्ठी रुखमाताईनं जनाबाईसमोरच वाचली. बरं झालं, आता आंधळगावपावेतो खबर जाते. चेटकाची गोष्ट माह्या मनातही नव्हती. पौर्णिमा कायले सोडते? मी तरी कुठं सोडली?

पण लग्न ठरलेल्या पोरीचा पहिला तिळगूळ सासूले येते. तू तो परक्या बायांले खाऊ घातला, आणि मले फोटो पाठवला! आठ दिवस मले जेवण गोड लागलं नाही.

आता कोजागिरीले ये, साखरपुडा त्याच दिवशी करून टाकू. त्या बायांलेही आण. कोजागिरीच्या रातीले भुलाबाईची गाणी म्हणायले आमच्या गल्लीत कोणी उरलं नाही, साऱ्याजणी टीव्हीसमोर बसून राहिल्या. झगे चालतील. दूध मी आटवतो. चंद्र एकदा सुलटा पाहून घ्या म्हणा.

तिळगूळ तू करून आणजो. महिना कोणताही असो, पहिला लाडू माहा.

लोभ वाढवजो.

गोदावरीबाई

ता. क. चौथा लाडू नेणाऱ्या बाईले माह्याजवळ बसवजो. मी नजर ठेवतो.