उगाळलेली गोळी

१२ जुलै
सकाळी हे संडासातून आले ते तोंड पाडूनच. आधी म्हणे कोणाले सांगू नको. मग सांगितलं, बी.पी.ची गोळी जशीच्या तशी बाहेर पडली. मी हसली. मग हसू गेलं. इतके दिवस रोज घेऊन राह्यले, म्हणजे अंगात काहीच गेलं नाही? विजेच्या खांबावर चढणारा माणूस. वर असताना बी.पी. वाढलं तर...
गोळ्या नकली असतील. भेव लागून राह्यलं.

१४ जुलै
परवाच नागभीडच्या दुसऱ्या दुकानातून पाकीट आणलं. तेच! यांनी काडीनं उलटून पाहिलं म्हणे, आणि हे मला जेवताना सांगतात. "अवो, घास त गिळू द्या."
सासूबाईंनी ऐकलं. मी हाक मारली की त्यांना ऐकू येत नाही, असलं बरोबर येतं. "गोळी कडक हाय त पोट काय करन? लेकराले कोणी अख्खं हळकुंड देते काय? मी उगाळून देतो." झालं. अख्ख्या मोहल्ल्यातली लेकरं सासूबाईंच्या हातची गुटी पिऊन मोठी झाली, त्यांच्यापुढं बोलणार कोण. शेजारची कौसाबाई नातवाला घेऊन बसलीच होती. तिलाही बी.पी., गोळीही हीच. "बाई, तुमच्या हाताले गुण हाय," म्हणाली.

१५ जुलै
सहाणेवर पाणी टाकून गोळी घासली. वरचं गुलाबी साल निघालं, आत पांढरी. बुळबुळीत लगदा झाला, बोटाला चिकटे. मधातून चाटवली. थोड्या वेळात यांचं तोंड लालबुंद, डोकं जड, कानात धडधड. सासूबाई खूष. "पाह्य, आता लागू पडली!"
खरं लिहायचं तर मीही खूष झाली.

१९ जुलै
काहीतरी बिघडलंय. गोळी चाटली की चक्कर. रात्रीपासून डोकं ठणकते. आरोग्य उपकेंद्रात दोनदा नेलं. दुपारी बी.पी. इतकं कमी की सिस्टरनं मशीनच बदलून पाहिलं. सकाळी गोळीच्या आधी मोजलं तर चढलेलं. "गोळी बरोबर घेता न?" "हाव." कशी घेता, तिनं विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही.
सुट्टी घ्या म्हटलं. "धानाची रोवणी सुरू हाय, मोटारी चालू पायजे. लाइन गेली त लोक घरी येऊन बसतीन." आणि गेले चढायला. काय करावं या माणसाचं! दिवसभर फोन हातात घेऊन बसली.

२२ जुलै
हे खांबावर होते, वरच शुद्ध गेली. कमरेला पट्टा होता म्हणून लटकून राह्यले, नाहीतर. सोबतच्यांनी शिडी लावून उतरवलं. ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात आणलं. सलाईन चालू आहे. डोळे उघडत नाहीत. बी.पी. किती, कोणी सांगत नाही. हात गार आहेत, चोळून राह्यली.
काही होऊ नये. बस, काही होऊ नये.

२३ जुलै
डोळे उघडले. पहिलं काय विचारलं? "लाइन चालू केली काय?" रडू आलं, रागही आला. डाव्या हाताची मूठ वळत नाही. वरून पडले नाहीत, तरी डोक्यातच काही झालं. बी.पी. एकदम खाली गेलं, मेंदूला रक्त कमी पोचलं म्हणतात.
डॉक्टरनं विचारलं, गोळी कशी घेता? सांगितलं. तो रागावला नाही. सगळं कागदावर लिहून घेतलं, त्याचंच जास्त भेव वाटलं.
खालच्या औषध दुकानातल्या ताईनं समजावलं. त्या गोळीत औषध थोडंच असतं. बाकीचा नुसता चिकट पदार्थ, औषधाला धरून ठेवायला. पोटात पाणी लागलं की तो फुगतो आणि दिवसभर औषध थोडं थोडं सोडतो. मग रिकामी खोळ तशीच बाहेर पडते. "तुम्ही दिवसभराचं औषध एका घोटात देऊन राह्यल्या होत्या, ताई."
म्हणजे यांनी काडीनं उलटली ती खोळ. औषध लागतच होतं!

२८ जुलै
घरी आलो. हे गोळी अख्खी गिळतात आणि मी तोंडाकडं पाहत बसते, लाल तर होत नाही न. "काऊन पाहून राह्यली? सिनेमा हाय काय?" म्हणतात. डावा हात तसाच. पुन्हा चालेल की नाही, डॉक्टर पक्कं काही सांगत नाही. खांबावर चढायचं तर आता नावच नको.
सासूबाईंना कोणी काही बोललं नाही. सहाण धुऊन फळीवर पालथी ठेवली आहे. आज एक बाई लेकरू घेऊन आली, तिला परत पाठवलं. "हात दुखते," म्हणाल्या.

३० जुलै
भाजी निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या, "कौसाले सांगा लागन."
"काय सांगा लागन?"
"मी तिले बी तेच सांगतलं होतं. उगाळून घे म्हटलं. माझ्या पोराले लागू पडली म्हटलं."
भाजी तिथंच टाकून पळाली. कौसाबाईच्या दाराला कुलूप. लेकीकडं गेली रोवणीले, कुरखेड्याच्या पलीकडं. समोरची म्हणाली, जाताना नवी सहाण घेऊन गेली, लेकीकडं नाही म्हणून.
लेकीचा फोन लागत नाही. तिकडं टॉवरच नसते. हे उजव्या हातानं चप्पल चढवत होते, मी गाडीनं जातो म्हणे. कोणत्या हातानं गाडी धराल, असं ओरडली मी. ओरडायला नको होतं.
तोवर सासूबाई पिशवी घेऊन अंगणात. कधी एकट्या बसमध्ये बसल्या नाहीत. मी येते म्हटलं तर ऐकेनात. "तू त्याच्यापाशी राय. हे मलेच सांगा लागन." चेहरा पाहवत नव्हता. बसमध्ये बसवून आली.
पुन्हा फोन लावून पाहिला. लागला आता. वाजून राह्यला.
उचलत नाही कोणी.