सदतीस नंबरचं पान

३ फेब्रुवारी २०२५

ह्यांचा दहावा. रामकुंडावर पाऊण तास पिंडाला कावळा शिवेना. दीर भिमाजी हात जोडून एकेक कबूल करत होते — छायावहिनींना अंतर देणार नाही, फुलांच्या मळ्यातला वाटा देऊ. कावळे कठड्यावर बसून ऐकत होते. शेवटी ह्यांची विद्यार्थिनी तेजस्विनी पुढं आली. हळूच म्हणाली, "सर, वेडेलियाचा पेपर मी पूर्ण करते."

लगेच शिवला!

बत्तीस वर्षांचा संसार. जीव अडकला तो वेडेलियात.

५ फेब्रुवारी

शेजारच्या सुमनबाईंनी दबक्या आवाजात विचारलं, ही वेडेलिया कोण? सांगितलं — वेल आहे. पिवळ्या फुलांची, परदेशातून आलेली. कोकणात किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांवर पसरते आणि तिथली मूळची झाडं संपवते. ह्यांनी आठ वर्षं कॉलेजच्या सुट्ट्यांत तिथं जाऊन पानं गोळा केली. साठ पाकिटं. सगळी वेल एकाच रोपाची पिलावळ, की वेगवेगळी आली, हे जनुकं तपासून बघायचं होतं.

आमच्या फाटकाजवळ तीच आहे, हे नाही सांगितलं. नर्सरीतून मीच आणलेली. "शत्रूला पाणी घालतेस," म्हणायचे. उपटली मात्र कधी नाही.

२१ मार्च

तेजस्विनीचा फोन. ह्यांनी डिसेंबरात प्रयोगशाळेत पाठवलेल्या पानांचा अहवाल आला. एकोणसाठ पानं हुबेहूब एक. फक्त नंबर सदतीस निराळं! "काकू, म्हणजे वेल कोकणात दोनदा आली. आता सगळा पेपर ह्या एका पानावर." बोलताना रडत होती. मी बरं म्हटलं.

२२ मार्च

इथं तरी लिहिते. तीन वर्षांपूर्वी कपाट पुसताना सदतीसचं पाकीट माझ्या हातून सांडलं. वाळलेल्या पानाचा चुरा झाला, केरात गेला. हे कॉलेजात होते. मी फाटकाजवळचं एक पान तोडून आत घातलं. पानासारखं पान, कुणाला कळणार!

आठ वर्षं कष्ट ह्यांचे. वेगळेपण तेवढं माझं.

२७ मार्च

तेजस्विनीला ह्यांची नोंदवही हवीय. सदतीस कुठल्या किनाऱ्याचं ते बघायला. उद्या येते.

सांगावं तर पेपर बुडतो, रामकुंडावरचा शब्दही. न सांगावं तर ह्यांच्या नावावर खोटं छापून येतं — आणि ह्यांनी पोराला अर्धा मार्क कधी उगाच दिला नाही. वहीतलं ते पान फाडावं असंही मनात आलं.

२८ मार्च

वही उघडली. सदतीसपुढच्या गावाच्या नावावर काट मारलीय. शेजारी पेन्सिलीनं, ह्यांच्या अक्षरात —

"मूळ पान गेलं. हे फाटकाजवळचं. हिरवंगार! तुलनेला राहू दे. छायाला विचारायचं नाही."

तेजस्विनी आली तेव्हा मी फाटकाजवळ पाणी घालत होते. वही तिला तशीच उघडी दिली.